चार दिवसांची सुट्टी आणि गुलमर्गचा बर्फ

मार्चमध्ये चार दिवसांची सुट्टी पदरात पाडून घेतली, तिकिटंही काढली. आता रोज चहाआधी गुलमर्गचं हवामान बघतेय!

तिथला बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून निघणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या कृपेनं. २०२५मध्ये फेब्रुवारीतल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या. नंतर बर्फ पडला आणि मार्चमध्ये त्या झाल्या. म्हणजे होप आहे!

मार्चचं ऊन मात्र कडक. दुपारी बर्फ भिजून जड होतो, तेव्हा स्कीइंग सकाळीच उरका. आणि ताजा बर्फ दिसला म्हणून अफरवतच्या उतारांवर धावू नका, हिमस्खलनाचा धोका तेव्हाच जास्त.

बर्फ नाहीच पडला तर? माझे चार दिवस जातील. तिथल्या स्की-प्रशिक्षकांचा अख्खा सीझन जातो, बॉस!