हॅलोविनची भुते राहू द्या, भोपळ्याचे शेत घ्या : पेण-रोह्याच्या पोपटीविषयी एक धागा

ऑक्टोबर सरू लागला की आपल्या इतिहासप्रेमी वर्तुळात एक वाद हमखास पेटतो. कोणीतरी इंग्लंडच्या खेड्यातील छायाचित्रे टाकतो: चिखलाचे बूट घातलेली मुले, एकचाकी हातगाडीत रचलेले भोपळे, मागे धुके. खाली लगेच उत्तर येते, ‘हे परकीय थेर कशाला? आमच्या रायगडात पोपटी आहे, ती हजारो वर्षांची आहे.’ मग दोन्हीकडून ‘संस्कृती’ या शब्दाची फेकाफेक सुरू होते. या धाग्यात मी दोन्ही पक्षांशी थोडा भांडणार आहे. धागा लांबेल, कारण आरंभ इंग्लंडपासून करावा लागेल आणि शेवट पेण-रोह्याच्या वालाच्या शेतात होईल.

प्रथम हॅलोविनच्या प्राचीनतेविषयी. केल्टिक लोकांचा ‘साउइन’ हा मृतांचा सण, आणि त्याचेच रूप म्हणजे हॅलोविन, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ब्रिटनमधील सणांचे अभ्यासक रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हा दावा तपासला. साउइन हा हिवाळ्याच्या आरंभीचा सण होता, हे ते मान्य करतात. परंतु तो खास मृतांचा सण होता, याला ख्रिस्तपूर्व काळातील भक्कम पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे. मृतांशी असलेला ठळक संबंध दिसतो तो चर्चच्या दिनदर्शिकेतून: १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा.

पुढे इंग्लंडात धर्मसुधारणा झाली. मृतांसाठी प्रार्थना करण्याची कल्पनाच नव्या चर्चला अमान्य असल्यामुळे या दिवसांचा पाया तेथे खचला. १६०५ मध्ये संसद उडवून देण्याचा कट फसला आणि १६०६ च्या कायद्याने ५ नोव्हेंबर हा आभाराचा दिवस ठरला. शरद ऋतूतील शेकोटी, आतषबाजी, मुलांचा धुडगूस हे सारे त्या दिवसाकडे सरकले. तो कायदा १८५९ मध्ये रद्द झाला, शेकोट्या मात्र राहिल्या. हॅलोविन जिवंत राहिला तो प्रामुख्याने आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये. तेथून स्थलांतरितांबरोबर अमेरिकेस गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या वेषात इंग्लंडात परतला.

वेष नवा म्हणजे किती नवा? आयर्लंड-स्कॉटलंडची मुले सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. सॉमरसेट परगण्यातील हिंटन सेंट जॉर्ज या गावी ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी ‘पंकी नाइट’ साजरी होते. तेथील कंदील गुरांना घालायच्या बिटासारख्या जाड कंदाचे. केशरी भोपळा हे मुळात अमेरिका खंडातील पीक. म्हणजे ज्या भोपळ्याला आपण इंग्लंडच्या खेड्याचे प्रतीक समजतो, तो तेथे पाहुणा आहे. आपला आक्षेप ‘परकीय’ या शब्दावरच असेल, तर इंग्लंडच्या गावकऱ्यांनीही तो घ्यायला हवा होता.

त्यांनी तो घेतला नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट येथून सुरू होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथील शाळांना आठवडाभर सुटी असते. घरी बसलेली मुले, कंटाळलेले आईबाप आणि धान्याच्या भावाने गांजलेला शेतकरी, या तिघांची गाठ भोपळ्याच्या शेतात पडली. कुटुंबाने शेतात यावे, हवा तो भोपळा स्वतः उचलावा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक फेरी मारावी, गरम सूप प्यावे, आणि जाताना थेट शेतकऱ्याला पैसे द्यावेत. नॅशनल ट्रस्टसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थाही आपल्या जुन्या वाड्यांच्या बागांत याच दिवसांत मुलांसाठी वाटशोधाचे खेळ ठेवतात. चेटकिणीची टोपी हा वरचा साज आहे. आत व्यवहार शेताचा आहे: सहलीसाठी पीक लावले गेले.

आता पेण आणि रोहा. रायगड जिल्ह्यातील हे दोन तालुके मुंबईकरांना वेगवेगळ्या कारणांनी ठाऊक असतात. पेण गणेशमूर्तींचे, आणि पोह्याच्या पापडांचे. रोहा म्हणजे जेथे मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते ते स्थानक. अलीकडे कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यात रबरी होड्या सोडणाऱ्यांमुळे हा तालुका तरुणांनाही माहीत झाला आहे. (ते पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून सुटलेले असते; केंद्र पाणी सोडते तेव्हाच नदी खळाळते. एका जुन्या वीजप्रकल्पावर उभे राहिलेले पर्यटन, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

या पट्ट्यात डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत पोपटी लागते. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी कृती सांगतो. मातीचे मडके घ्यायचे, तळाशी व कडेने भांबुर्ड्याचा पाला दाबायचा. हा पाला पावसानंतर बांधावर आपोआप उगवतो, आणि त्याला एक उग्र, ओव्यासारखा वास असतो. त्यावर वालाच्या ओल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, बटाटे, अंडी, आणि मांसाहारी घर असेल तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मग मडके शेतात उपडे ठेवायचे, भोवती पेंढा, काटक्या, पातेरा, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचे. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शिजले का, हे पाहण्यासाठी तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. पाणी चर्रकन उडून गेले की आग बाजूला सारायची. दक्षिण गुजरातेतील उबाडियू हे याचे सख्खे भावंड, आणि उंधियूच्या तर नावातच उपडेपणा आहे. म्हणजे ही पद्धत एकट्या रायगडची नाही, ती वालाच्या पट्ट्याची आहे.

‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न: मडक्यातील बटाट्याचे काय करायचे? बटाटाही भोपळ्याप्रमाणे अमेरिकेहून आला; आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांच्या मागोमाग पोहोचला. मडक्यात शेंगा भाजण्याची रीत त्याहून जुनी असेल, नव्हे असावीच. परंतु आपण आज जी पोपटी खातो ती त्या रीतीवर पडलेल्या अनेक थरांची आहे. यात उणेपणा कसला? इतिहास शिकणाऱ्याला थर दिसले की आनंद व्हायला हवा.

अधिक लक्षणीय बाब ही की पोपटीला तिथी नाही. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते, तिला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, आणि तो सोहळा पाहायला परगावी गेलेले रोहेकर परत येतात. त्या सोहळ्याला दिवस आहे, मान आहे, क्रम आहे. पोपटीला यातील काहीच नाही. देव नाही, मंत्र नाही, पंचांगात नोंद नाही, सोवळे-ओवळे नाही. भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की पोपटीचा दिवस आला. तिचे पंचांग म्हणजे ते शेत. त्यामुळेच तिला ‘आपला हॅलोविन’ म्हणणे मला पटत नाही. हॅलोविनची तारीख ३१ ऑक्टोबर ही शेतात काहीही नसले तरी येते. वाल नसेल तर पोपटी येत नाही.

मात्र तुलनेचा एक धागा खरा आहे: आगीभोवती बसलेल्यांना भुते आठवतात. मडके शिजेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, अंधार असतो, आणि कुणीतरी काका हमखास चकव्याची गोष्ट काढतात: अमक्याचा आजा बाजार करून निघाला आणि पहाटेपर्यंत एकाच बांधावर फिरत राहिला. या गोष्टींवरूनच हल्ली काहींना कल्पना सुचते की आपल्याकडेही रिसॉर्टवर ‘कोकणी भुतांची रात्र’ भरवावी, मुलांना मुंजा आणि हडळ यांचे वेष द्यावेत, आणि त्याला लोकसंस्कृतीचे जतन म्हणावे.

येथे मी थांबतो, आणि तुम्हीही थांबावे असे सुचवतो. कोकणातील भुतांची एक मोठी नोंद १९१५ साली ‘फोकलोर ऑफ द कोकण’ या नावाने छापली गेली. तिची सामग्री गोळा केली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी: तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांच्या प्रश्नावलीला गावोगावच्या शाळामास्तरांनी उत्तरे लिहिली, त्यांत कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, मास्तरही होते. संकलन पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केले. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ अशी ती यादी आहे.

ही यादी भयकथा म्हणून वाचली तर मजेची वाटते. समाजाचा दस्तऐवज म्हणून वाचली की मजा ओसरते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा. जखीण कोण, हे त्या बाईचा नवरा मागे जिवंत आहे की नाही यावर ठरते. हडळीच्या कथा पुष्कळदा बाळंतपणात गेलेल्या बाईपाशी जाऊन पोहोचतात. मेल्यावरही जात, वय आणि बाईचे सौभाग्य सुटत नाही, असे हे भूतविश्व आहे. अकाली मृत्यूंची, त्यातही बाळंतिणींच्या मृत्यूंची, एका प्रकारची जनगणनाच.

इंग्लंडात चेटकीण आज मुलांची टोपी झाली आहे, त्यामागे एक तारीख आहे. १७३५ च्या कायद्याने तेथे चेटूक हा खराखुरा गुन्हा मानणेच बंद झाले. भीती मेल्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी तिचा खेळ झाला. आपल्याकडे महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला तो डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. ज्या समाजाला भूत उतरविण्याच्या नावाने होणारी मारहाण थांबवायला एकविसाव्या शतकात कायदा करावा लागतो, त्याने हडळीचा वेष भाड्याने देण्याची घाई करू नये, असे मला वाटते. गोष्टी सांगाव्यात, जरूर सांगाव्यात. तिकीट लावू नये.

मग इंग्लंडकडून घ्यायचे काय? भोपळ्याचे शेत.

पेण-रोह्यात आज उलटा प्रकार घडतो आहे. इंग्लंडात सहलीसाठी पीक आले. आपल्याकडे सहल वाढते आहे आणि पीक मागे हटते आहे. ‘पोपटी पार्टी’ची जाहिरात आता सर्रास दिसते. हिरवळीवर मडके पेटते, सोबत ध्वनिक्षेपक असतो, आणि शेंगा आणलेल्या असतात बाजारातून. ज्या शेतातून त्या आल्या त्याच्या मालकाशी पाहुण्यांचा काहीही संबंध येत नाही. त्याला मिळतो तो घाऊक भाव. थंडीतल्या एका पिकासाठी जमीन राखून ठेवण्याचे त्याला कारण उरत नाही.

आणि जमिनीला गिऱ्हाइक तर केव्हाचे उभे आहे. २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत राज्य सरकारने सेझच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचा कौल घेतला होता. जमीन द्यावी की नाही, हे शेतकऱ्यालाच मतपत्रिकेवर विचारले गेले, असे प्रसंग आपल्या इतिहासात फार थोडे. पुढे तो प्रकल्प बारगळला. पण जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराची अधिसूचना निघाली. या खेपेस कौल वगैरे नाही. जमीन एकेक करून, खासगी व्यवहारात, मुकाट्याने हलते.

मी कोणाला जमीन विकू नको असे सांगणार नाही. तो अधिकार माझा नव्हे, आणि शेतात किती सुटते हे मी आजोळी पाहिलेले आहे. माझे म्हणणे मर्यादित आहे. पोपटी वाचवायची म्हणजे तिच्यावर परिसंवाद भरवायचे नाहीत, तिला प्राचीनतेचे प्रमाणपत्र मिळवून द्यायचे नाही. वालाच्या शेतकऱ्याच्या बांधावर कुटुंबासह जायचे, शेंगा स्वतः तोडायच्या, भांबुर्डा ओळखायला मुलांना शिकवायचे, मडके त्याच्याच शेतात लावायचे आणि या साऱ्याचे पैसे त्याच्या हातात द्यायचे. यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. भातखाचर आहे, कोकण रेल्वेचे स्थानक आहे, महामार्ग आहे, मुंबई-पुण्याहून येणारी माणसे आहेत. नाही ती एक साधी सवय, शेतात जाण्याचे पैसे मोजण्याची. रिसॉर्टच्या हिरवळीचे आपण ते बिनतक्रार मोजतो.

ज्यांना ऑक्टोबरातच काहीतरी हवे आहे त्यांच्यासाठी जाता जाता: नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट अंगठ्याने फोडतात ना, ते कारीट भोपळ्याच्याच कुळातले. इंग्लंडची मुले त्या कुळातील एका फळात दिवा लावतात, आपण दुसऱ्याला नरकासुर समजून चिरडतो. आदल्याच सुमारास यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवाही ठेवतो. या योगायोगाला मी सिद्धान्त म्हणणार नाही. कोणी म्हटले तर पुरावा मागा.

वाल जानेवारीत भरतो. त्या सुमारास रोह्याकडे कोणी पोपटीचे आमंत्रण दिले, तर जाण्यापूर्वी शेंगा कोणाच्या शेतातील आहेत, तेवढे विचारून घ्या.