घरचे आरोग्य : टाचेचा ताळेबंद



पहाटे गोठ्यातली गाय हंबरते. तुम्ही अंथरुणातून उठता, पहिले पाऊल जमिनीवर टेकवता आणि टाचेत कोणी खिळा ठोकावा तशी कळ येते. मग भिंत धरून, चवड्यावर चालत कशाबशा चुलीपर्यंत जाता. दहा-वीस पावले झाली की कळ ओसरते. दुपारी बांधावर भाकरी खाऊन उठताना ती पुन्हा येते. संध्याकाळची धार काढून होईपर्यंत पाय ठणकू लागतो. घरात सांगितले तर उत्तर ठरलेले असते : "त्यात काय, टाच तर दुखते!"

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे आपण म्हणतो. टाचदुखी येते तीही मुंगीच्याच पावलाने. म्हणून ती अंगवळणी पडते, आणि वर्ष-दोन वर्षे उलटली तरी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. सुमारे दहांतल्या एका माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुखणे गाठते. बहुतेकांचे ते बरे होते. मात्र त्याचा हिशेब नीट मांडावा लागतो.

दुखते ते नेमके काय?

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत, तळव्याच्या कातडीखाली एक चिवट पट्टा असतो. डॉक्टर त्याला प्लँटार फॅशिया म्हणतात. पायाची कमान या पट्ट्याने ताणून धरलेली असते. विहिरीवरचा रहाट आठवा. रहाट फिरला की दोर गुंडाळला जातो आणि ताणतो. चालताना अंगठा वर उचलला की हा पट्टाही तसाच अंगठ्याच्या सांध्याभोवती ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होऊन पुढे रेटा देते. हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले आणि त्याला रहाटाचेच नाव दिले.

दोर जसा एका जागी घासून झिजतो, तसा हा पट्टा टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे झिजतो. त्याचे बारीक तंतू तुटतात, शरीर ते सांधते, आपण पुन्हा ताण देतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पहाटेची कळ येते ती यामुळे.

चाळिशी ते साठीच्या वयात हे दुखणे जास्त आढळते. दिवसभर उभ्याने काम, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या, सपाट पाऊल किंवा फार उंच कमान ही त्याची कारणे. आपल्या घरांतला एक बदलही ध्यानात घ्यावा. शेणाने सारवलेली जमीन गेली, फरशी आली. गोठ्यातही सिमेंटचा कोबा आला. स्वच्छतेला तो चांगला, पण अनवाणी टाचेला कठीण.

ओळखावे कसे?

टाचेच्या खाली, किंचित आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहा. एका ठिकाणी जिव्हारी लागल्यासारखे दुखले आणि सकाळचे पहिले पाऊल सर्वांत वाईट असेल, तर बहुधा हेच दुखणे आहे. डॉक्टर पायाचा अंगठा वर वाकवून पाहतात. तेव्हाही कळ येऊ शकते. निदानाला एवढे बहुधा पुरते. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. तीत हा पट्टा चार मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर निदानाला पुष्टी मिळते.

एक्स-रे काढला की पुष्कळदा टाचेखाली हाडाचा काटा दिसतो आणि घरात घबराट होते. "हाड वाढले, आता कापावे लागणार!" पण असा काटा टाच कधीही न दुखलेल्या माणसांतही सापडतो. दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा त्या काट्यात नसते. त्याला घाबरू नये.

मात्र प्रत्येक टाचदुखी हीच असेल असेही नाही. ज्वारीचे धसकट किंवा बाभळीचा काटा आत मोडून राहिला असेल तर तेवढीच जागा सुजते, पू होतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबल्यावर कळ आली, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मुंग्या आणि आग असेल तर नस दाबली गेलेली असू शकते. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असण्याची शक्यता असते. ताप, सूज, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, किंवा मधुमेह असताना पायाला झालेली कोणतीही जखम यांत घरचे उपाय करीत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे.

एका गावाची गोष्ट

उपचाराकडे वळण्यापूर्वी एक गाव आठवा. नगर तालुक्यातले हिवरे बाजार. कोणी तिथे सहलीने गेले असेल, कोणी त्याविषयी वाचले असेल. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस बेताचा. १९७२ च्या दुष्काळानंतर ते उजाड होत गेले, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले, गाव आदर्श गाव योजनेत आले. लोकांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर सलग समतल चर झाले, बांध पडले, झाडे लागली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली. पवारांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला तो या कामासाठी.

त्या गावाची खरी शिकवण ताळेबंदाची आहे. पाऊस किती पडला हे मोजायचे, माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची. जास्त पाणी पिणारे ऊस-केळीसारखे पीक घ्यायचे नाही. शेतीसाठी बोअर मारायचा नाही, कारण बोअरने आज पाणी मिळते पण खालचा साठा आटतो.

टाचेचेही असेच आहे. शरीर रोज थोडे सांधते, ती जमा. आपण रोज ताण देतो, तो खर्च. खर्च जमेपेक्षा वाढला की टाच दुष्काळात जाते. उपचार म्हणजे खर्च कमी करणे आणि जमा वाढवणे. दोन्ही कामे सावकाश होतात, चर खोदण्यासारखी.

घरी करायचे उपाय

पहिला उपाय अंथरुणातच करावा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने वर ओढावीत. तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागेल. दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, मग सोडावे. असे दहा वेळा. त्यानंतरच पाय जमिनीवर टेकवावा. दिवसातून तीनदा करावे.

दुसरा उपाय पोटरीचा. भिंतीला हात लावून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. पुढे झुकून पोटरीला ताण द्यावा आणि अर्धा मिनिट थांबावे. दोन-तीन वेळा करावे.

तिसरा उपाय पट्ट्याला बळ देण्याचा. ओट्याच्या पायरीवर चवडा ठेवून उभे राहावे (उंबऱ्यावर नको, आजी रागावतील!). बोटांखाली जुन्या टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे बोटे वर उचललेली राहतील. आधाराला खांब धरावा. तीन आकड्यांत टाच वर न्यावी, दोन आकडे थांबावे, तीन आकड्यांत खाली आणावी. आधी दोन्ही पायांवर, जमू लागले की एका पायावर. बारा वेळा केले की एक फेरी. अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. हा व्यायाम रोज करू नये; मधल्या दिवशी शरीराला सांधू द्यावे. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नये.

अनवाणी चालणे बंद करावे, घरातसुद्धा. घरात चप्पल घालायला संकोच वाटतो, म्हणून घरापुरता धुतलेला वेगळा जोड ठेवावा. पातळ झिजलेली स्लिपर टाकून द्यावी. टाचेकडे किंचित उंच, मऊ आणि कमानीला आधार देणारी चप्पल घ्यावी. संध्याकाळी ठणका लागला तर थंड पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटे फिरवावी.

बिब्बा लावणे, डाग देणे हे प्रकार करू नयेत. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात आणि मूळ दुखणे तिथेच राहते. तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याची आपल्याकडे रीत आहे. पण मधुमेहाच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. पाय भाजला तरी त्याला कळत नाही आणि ती जखम चिघळते. अशांनी शेकूच नये.

दवाखान्यातले नवे उपचार

तीन महिने हे मनापासून करूनही गुण नसेल तर हाडांच्या डॉक्टरांचा आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ते पायाला पट्टी बांधतात, बुटात ठेवायचा आधार देतात, रात्री घोटा काटकोनात धरणारी पट्टी देतात.

स्टेरॉइडचे इंजेक्शन हा टाचेतला बोअर समजा. काही आठवडे बरे वाटते. पुढे गुण टिकेलच असे नाही. वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि क्वचित पट्टाच तुटतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. कधी ते घ्यावेही लागते, पण एकापाठोपाठ एक घेत सुटू नये.

शॉकवेव्ह म्हणजे विजेचा झटका नव्हे. त्या दाबाच्या लहरी असतात. १९८० मध्ये जर्मनीत म्युनिक येथे मूतखडा फोडण्यासाठी त्या प्रथम माणसावर वापरल्या गेल्या. २००० मध्ये अमेरिकेत टाचदुखीसाठी त्यांना मान्यता मिळाली. सहा महिन्यांहून जुन्या दुखण्याला त्यांचा उपयोग होतो. साधारण आठवड्याने एकदा अशा तीन ते पाच खेपा लागतात. गरोदर बाईला आणि रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्याला सहसा त्या देत नाहीत. स्वतःच्याच रक्तातला बिंबिकांचा भाग काढून टाचेत टोचण्याचा पीआरपी हा उपचारही आहे. तो महाग आहे आणि सर्वांना सारखा गुण देत नाही. आधी खर्च विचारावा. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, सहा महिने ते वर्षभर बाकी सारे करून झाल्यावर.

घराला एक विनंती

ताळेबंदातली मोठी रक्कम लिहायची राहिली. बाईला "विश्रांती घे" म्हणणे सोपे, पण तिचा हंडा कोण उचलणार? सकाळची धार कोण काढणार? हिवरे बाजारचे चर एकट्या माणसाने खोदले नाहीत. घरातल्या टाचेचेही तसेच. बारा आठवड्यांसाठी एक धार मुलाने काढावी, पाणी धन्याने भरावे, कांदा निवडायला तिला उभे न ठेवता बसायला द्यावे. कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि रोज रात्री विचारावे : सकाळी पहिल्या पावलाला किती दुखले?

हा प्रश्न घरात कोणी विचारू लागले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पहाटे अंथरुणात, पाय खाली टेकवण्यापूर्वी.