अहरोनाचें कुळ आणि आमचें कुळ

येथें सांताक्रूझला एका ख्रिस्ती घरीं परवां शास्त्रवाचनानंतर चर्चा निघाली. एका विद्वान गृहस्थांनीं असें प्रतिपादन केलें कीं, लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणें अलीशिबा ही अहरोनाच्या कुळांतील होती आणि मरिया तिची नातलग. अर्थात् येशूच्या अंगीं याजकांचें रक्त होतें, व म्हणूनच तो खरा महायाजक ठरतो. मंडळींना तें पटलें. कित्येकांच्या मुद्रेवर तर समाधान झळकलें. त्या समाधानाचीच आम्हांस चिंता वाटते. तो युक्तिवाद शास्त्राला धरून नाहीं, आणि आमच्या समाजाच्या एका जुन्या रोगाला तो खतपाणी घालणारा आहे.

प्राचीन इस्राएलांत कुळाचें महत्त्व लहान नव्हतें. याजकपद अहरोनाच्या वंशजांचें; इतर लेव्यांनाही तें मिळत नसे. यहूदाचा राजा उज्जीया यानें मंदिरांत धूप जाळण्याचें साहस केलें, तेव्हां त्याच्या कपाळीं कोड उठलें, अशी कथा आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या ज्या याजकघराण्यांना आपली वंशावळ दाखवितां आली नाहीं, त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यांत आलें, अशी नोंद एज्राच्या ग्रंथांत आहे. परंपरानिष्ठ यहुदी सभास्थानांत तोराच्या वाचनाचा पहिला मान आजही कोहेनाकडे जातो. तो त्यांचा वारसा आहे व आदरणीय आहे. त्यांतून तुकडा तोडून आपल्या अंगरख्याला लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

येशू जन्मला तो यहूदाच्या वंशांत. मत्तयाच्या वंशावळींत तर त्याच उज्जीयाचें नांव आहे! नियमशास्त्राप्रमाणें पाहतां वेदीचा मार्ग त्याला बंदच होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता ही अडचण झांकीत नाहीं. तिच्यावरच तो आपला सिद्धांत उभारतो. ख्रिस्त पृथ्वीवर असता तर याजकही झाला नसता, इतकें स्पष्ट तो सांगतो. त्याचा महायाजक मलकीसदेकाच्या संप्रदायाचा. हा मलकीसदेक शालेमचा राजा. अब्रामासाठीं भाकर व द्राक्षारस आणून त्यानें त्याला आशीर्वाद दिला. त्याच्या आईबापांचा पत्ता शास्त्रांत नाहीं, वंशावळ नाहीं; तरी लेवीच्या पणज्यानें त्याला दशमांश दिला. मरियेचें नातें पुढें करणारे गृहस्थ या पत्राला आधार देत नाहींत. त्याचा पायाच उखडतात.

मग लेव्यांचा याजकपणा व्यर्थ होता काय? मुळींच नाहीं. वेदी, बलिदान, प्रायश्चित्ताच्या दिवशीं महायाजकाचा परमपवित्रस्थानांत होणारा प्रवेश, हें सारें समजल्यावांचून क्रूसाचा अर्थ कळणार नाहीं. ख्रिस्ती माणसाला त्या याजककुळाचा उपयोग अर्थ शिकण्यापुरता आहे. हक्क सांगण्यासाठीं नाहीं.

हा मोह आमच्याकडे नवा नव्हे. गोमंतकांतील ब्राह्मण पाद्री आंतोनिओ जोआव द फ्रियास यांनीं १७०२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून ब्राह्मणांची कुलीनता ख्रिस्ती जगापुढें मांडली. १७१३ सालीं पाद्री लिओनार्दो पाइस यांनीं चार्दो समाजाची बाजू घेऊन लेखणी उचलली. पोर्तुगीज धर्माधिकारी देशी पाद्र्यांना हलके लेखीत, हें खरें. त्या अपमानाचें शल्य आम्ही जाणतों. परंतु ज्या शस्त्रानें जखम झाली, तेंच उचलून आपल्या भावावर उगारावयाचें, हा कोठला न्याय?

आणि आज? लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणजे प्रार्थनेचें पुस्तक बाजूला ठेवून हलक्या आवाजांत प्रश्न येतो: “मूळचे कोण?” सर्व विश्वासणाऱ्यांना राजकीय याजकगण म्हणणारें पेत्राचें पत्र ज्या घरांत वाचलें जातें, त्याच घरांत हें घडतें. येशूला अहरोनाचें रक्त चिकटविण्याची हौस याच प्रश्नाची बहीण आहे. कुळावांचून मोठेपण असूं शकतें, हें मनाला पटत नाहीं, म्हणून प्रभूलाही कुळ शोधून द्यावें लागतें.

सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीज भाषेंत पवित्र क्रूस. ज्या क्रूसाच्या नांवानें आमची वस्ती ओळखली जाते, त्यावरच्या याजकाला पित्यानें कुळ विचारलें नाहीं. मग दारीं आलेल्या सोयऱ्याला तें आम्हीं कां विचारावें?