अर्ध्यावर थांबलेली कबुली

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या, क्रुसामागे खोचून ठेवलेल्या आणि वर्षभरात सुकून गेलेल्या झावळ्या परत आणून जाळतात, त्यांचीच ही राख. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस. त्यातले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून प्रायश्चित्तकाळ ४० दिवसांचा. मटण-मासे कधी सोडायचे, दानाचा डबा कुठे ठेवायचा, हे घरोघरी ठरते. एक गोष्ट मात्र दरवर्षी शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. ती म्हणजे कन्फेशन, जुन्या माणसांच्या तोंडचे कुमसार. मग पवित्र आठवड्यात रांगा लागतात, धर्मगुरू थकून जातात आणि वर्षभराचा हिशेब दोन मिनिटांत उरकतो.

हिशेबाची ही सवय लहानपणीच लागते. पहिल्या कम्युनियनआधी आम्हां मुलांना पापे आठवून यायला सांगितले होते. मी वहीच्या पानावर यादी केली : खोटे बोललो सात वेळा, बहिणीला मारले चार वेळा. शेजारच्या मुलाची यादी लांब निघाली, तेव्हा लाज वाटून त्याची दोन पापे उसनी घेतली. रांगेत उभा असताना चिठ्ठी घामाने भिजली. कन्फेशनच्या जाळीसमोर गुडघे टेकले तेव्हा पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली होती, आकडे तेवढे दिसत होते. मी अडखळलो. आतून धर्मगुरूंचा आवाज आला, ‘‘बाळ, चिठ्ठी ठेव खाली आणि बोल.’’

लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या धाकट्या मुलाजवळही अशीच एक चिठ्ठी होती, मनात लिहिलेली. बाप जिवंत असताना त्याने वाटणी मागितली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश. तो त्याने परदेशात उडवला. दुष्काळ पडला आणि डुकरे राखायची वेळ आली. यहुदी माणसाची याहून मोठी नामुष्की नाही. डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटू लागल्या, तेव्हा त्याने घरी जाऊन काय बोलायचे ते ठरवले. त्यात तीन गोष्टी होत्या : मी पाप केले, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखे ठेवा.

वाटभर त्याने ते घोकले असणार. घरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट बोलला, दुसरीही बोलला. तिसरी त्याच्या तोंडून निघालीच नाही. बापाने मधेच नोकरांना हाक मारली : झगा आणा, अंगठी आणा, पायांत वहाणा घाला. त्या काळचा प्रतिष्ठित म्हातारा अंगरखा सावरत धावत सुटला होता. मुलाने तोंड उघडण्याआधीच त्याला मिठी मारून झाली होती, डुकरांच्या वासासकट. कबुली बापाने ऐकून घेतली. मजुरीचा अर्ज मात्र त्याच्या हाती पडलाच नाही.

आपले घोडे अडते ते इथेच. पाप कबूल करणे जड असते, पण जमते. क्षमा फुकट घेणे त्याहून जड. मजुराला निदान मान वर करून सांगता येते, काम केले, दाम घेतले. म्हणून आपण देवाशी रोजंदारीचा करार करू पाहतो. इतके उपवास करीन, इतक्या मेणबत्त्या लावीन, मग तू माझे मागचे मिटव. बापाचे प्रेम या व्यवहारात बसत नाही आणि मनाला खटकत राहते.

‘बाप’ या शब्दाने सर्वांच्याच मनात ऊब दाटते असेही नाही. दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या पावलांचा कानोसा घेत वाढलेली मुले आपल्याच चर्चच्या बाकांवर बसलेली असतात. येशूने ज्याला अरामी भाषेत ‘अब्बा’ म्हटले, तो आपापल्या घरच्या बापावरून ताडायचा नसतो. उलट प्रत्येक घरच्या बापाने त्याच्यासमोर उभे राहून स्वतःला तपासायचे असते.

मग पाप केले काय, न केले काय, सारखेच? यरीहोचा जकातदार जक्कय याचे उत्तर देतो. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला. त्यानंतर जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करायचे जाहीर केले. प्रेम आधी पोहोचले आणि त्याने तिजोरी उघडायला लावली. चर्चलाही कबुली चुकलेली नाही. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्ती लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. संस्थेला जे सर्वांसमक्ष करावे लागले, ते आपल्याला निदान जाळीआड जमायला हवे.

आणि जाळीबाहेरही. धाकट्या मुलाच्या दाखल्याची सुरुवात वाटणीने होते, हे विसरू नये. बांधावरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून, घराच्या एका भिंतीवरून अबोला धरलेले भाऊ एकाच मिस्साला येतात, वेगवेगळ्या दारांनी. त्यांच्यासाठी गोष्टीत थोरला आहे. तो कधी घर सोडून गेला नाही. पण बापाला ऐकवताना त्याच्याही तोंडी मजुराचीच भाषा येते : इतकी वर्षे राबलो, एक करडूसुद्धा मिळाले नाही. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप हळूच दुरुस्ती करतो : तुझा भाऊ. दोघेही लेक स्वतःला गडी समजत होते. बापाच्या लेखी मात्र दोघेही लेकच होते.

म्हणून यंदा पवित्र आठवड्याची वाट पाहू नये. एखाद्या शनिवारी संध्याकाळी, रांग नसताना जावे. बोलायचे ते बोलावे, पदरचे काही लावू नये, उसनी पापेही नकोत. परतताना भावाच्या दारावरून जायचा रस्ता धरावा.

गोष्टीतला बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर पडला. एकदा धाकट्यासाठी रस्त्यावर, एकदा थोरल्यासाठी अंगणात. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आत वाद्ये वाजत आहेत, जेवणे खोळंबली आहेत आणि बाप अजून अंगणात उभा आहे.