कोंडा म्हशीला, चूर्ण मालकाला



आज जरा कडू बोलतो. राग आला तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

गव्हाचं पीठ आपल्याला पांढरंशुभ्र पाहिजे. म्हणून बारीक चाळणी लावायची अन् कोंडा म्हशीच्या आंबोणात टाकायचा. तांदूळ पॉलिशचा. चहासोबत मैद्याची खारी. मग पोट साफ होत नाही म्हणून मेडिकलमधून इसबगोल आणायचं. इसबगोल तरी काय आहे? बियांवरचं सालच! घरचं साल फेकायचं अन् दुसऱ्याच्या रानातलं विकत घ्यायचं, हा कुठला हिशोब?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता बघा. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम, बाजरीत ११, न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही ११. मैदा अन् पांढरा तांदूळ ३ च्या आत. अख्ख्या हरभऱ्यात २५, डाळ केली की १५. दिवसाला लागतात साधारण ३० ग्रॅम.

म्हणजे "गहू वाईट, ज्वारी चांगली" हे भांडणच खोटं आहे. दोष चाळणीचा अन् पॉलिशचा आहे.

तंतू आपल्याला पचत नाही, तेच त्याचं काम. तो पाणी धरतो, मळ मऊ ठेवतो. त्यातला काही भाग आतड्यातले जिवाणू खातात. शेणखताशिवाय जमिनीत ओल टिकत नाही, जिवाणू जगत नाहीत, हे आपण बांधावर उभं राहून दुसऱ्याला सांगतो. स्वतःच्या पोटाला मात्र हा नियम लावत नाही.

काहीजण म्हणतील, भाकरी थापायला वेळ कुणाला आहे? बरोबर. सगळा भार घरच्या बाईवर टाकून आरोग्याची भाषणं देऊ नका. पण पीठ न चाळायला वेळ लागतो का? मूठभर हरभरे भिजत घालायला लागतो का?

कृषी खात्यातल्या मित्रांनाही विचारतो: २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, स्टॉल लागले. पण ज्वारी काढायला मजूर नाही, पाखरं राखायला माणूस नाही, भावाचा भरवसा नाही. यावर बोला, मग ताटावर बोलू.

एक ध्यानात ठेवा: तंतू हळूहळू वाढवा अन् पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगेल. शौचातून रक्त जात असेल तर घरगुती उपाय नको, थेट डॉक्टर गाठा.

बाकी, उद्या दळण आणलं की चाळणी खुंटीला अडकवा.