पाने उघडण्याची रीत

पोकर हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत वाढला. पैजेची शेवटची फेरी संपली, की उरलेल्या खेळाडूंनी पाने उघडावयाची असतात. प्रथम कोणी उघडावीत? त्या फेरीत ज्याने अखेरची पैज लावली वा चढविली, त्याने. कोणीच लावली नसेल, तर पाने वाटणाऱ्याच्या डावीकडून आरंभ होतो. पुढच्याला आपण हरलो असे दिसल्यास तो आपली पाने पालथीच टाकू शकतो. ती उघडून पाहण्याचा हट्ट धरणे असभ्य समजतात. तो हक्क संगनमताचा संशय आला तरच वापरावयाचा. तोंडच्या बोलाला मोल नाही. मेजावर उलगडलेली पानेच खरी.

परंतु सर्वांत निंद्य गोष्ट निराळीच आहे. आपण जिंकलो हे पक्के ठाऊक असूनही पाने दाबून ठेवावयाची, समोरच्याला जिंकल्याचा आनंद मानू द्यावयाचा, आणि मग सावकाश आपली सरस पाने मांडावयाची! ह्याने निकाल बदलत नाही. तरीही लास व्हेगासचे मुरलेले खेळाडू अशा माणसाला नावे ठेवतात. गेलेला पैसा मनुष्य विसरतो. खोट्या आशेवर झुलवून केलेली थट्टा विसरत नाही.

आपण पोकर न खेळणेच बरे. पण नकार द्यावयाचे मनात ठरले असता सोयरिकीचा निरोप महिनोन्महिने दाबून ठेवणारी घरे आपल्या गावांतही आहेत. मुलीचे आईबाप तिकडे वाटेकडे डोळे लावून बसतात. त्या घरांनी आपली पाने वेळीच उघडावीत.