पहिलीचा पहिला धडा डोहाळेजेवणात द्यायला हवा



आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. कोल्हापूर जिल्ह्यात बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत असंच चित्र दिसतं. मधल्या सुट्टीत आम्ही वर्गाबाहेर उभे असतो, तेव्हा पलीकडे गरोदर बायका आहाराची पाकिटं न्यायला आलेल्या दिसतात. आपण हसतो, 'कितवा महिना?' विचारतो आणि घंटा झाली की वर्गात जातो. सहा वर्षांनी त्याच बाईचं लेकरू आपल्यासमोर पहिलीत बसणार असतं, हे आपल्या डोक्यातही येत नाही. माझ्याही येत नव्हतं.

मग तिसरीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही. आली तेव्हा दारातच म्हणाली, "बाई, आमचं बाळ झोपेतच गेलं." दोन महिन्यांचं होतं. भेटायला गेले, तर गल्लीत प्रत्येकाकडे एकेक कारण तयार. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे दूध अडकलं, आणि कुजबुजीत सगळा दोष त्या आईवर. त्या बाळाचं खरं कारण मला ठाऊक नाही, ते कुणालाच सांगता आलं नाही. पण कोपऱ्यात त्याचं अंथरूण अजून तसंच होतं. जाड मऊ गादी, उशी, दोन दुपटी, वर वाकळ. घरातल्यांनी मायेनं केलेलं. त्यात काही वावगं असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तेव्हापासून माझं एक मत झालंय, ते तुमच्यापुढे मांडते.

बाळाला कसं झोपवायचं आणि बाळाशी कसं बोलायचं, वाचायचं, हे दोन्ही आईला बाळ पोटात असतानाच शिकवलं पाहिजे. आणि ते फक्त आशाताई, अंगणवाडीताईंचं काम नाही, आपलंही आहे.

आधी झोपेचं. गोष्ट साधी आहे. बाळ पहिलं वर्षभर प्रत्येक झोपेला, दिवसा आणि रात्री, पाठीवर, म्हणजे उताणं झोपवायचं. अंथरूण सपाट आणि घट्ट. त्यावर उशी नाही, लोड नाही, खेळणी नाहीत, तोंडावर येईल असं पांघरूण नाही. आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण शक्यतो वेगळ्या अंथरुणावर. अंगावरचं दूध चालू, आणि बाळ असलेल्या खोलीत धूर नाही. बिडी-सिगारेटचा तर नाहीच, पण बाळंतिणीच्या खोलीत दार लावून जी शेगडी आणि धुरी चालते, तिचाही नको.

'उताणं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "बाई, उलटी झाली तर गुदमरंल की!" भीती खोटी नाही, पण शरीराची रचना उलट आहे. बाळ उताणं असताना श्वासनळी वर असते आणि अन्ननळी खाली. वर आलेलं दूध श्वासनळीत जायला त्याला चढावं लागतं. पालथं झोपवलं की तेच दूध श्वासनळीच्या तोंडाशी साचतं. मी हे फळ्यावर दोन रेघा काढून दाखवते. दोन रेघांत पटतं.

दुसरा प्रश्न डोक्याच्या आकाराचा. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी! महाद्वार रोडला बाळाचं सामान घ्यायला जा, मच्छरदाणी, गादी आणि छोट्या उश्यांचा सेट छान पॅक करून टांगलेला असतो. बाळाला पहिलं वर्ष उशी लागत नाही. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, थोडा थोडा वेळ पालथं खेळवायचं. मानेलाही बळ येतं.

आता एक गंमत सांगते, कारण 'आजीचं सगळं चुकीचं, डॉक्टरचं सगळं बरोबर' असा अर्थ कुणी काढू नये. आपल्या आज्या बाळाला पाळण्यात उताणंच घालत होत्या. पालथं झोपवा असा सल्ला अमेरिका-युरोपातल्या पुस्तकांनी आणि डॉक्टरांनीच अनेक वर्षं दिला. पुढे आकडे पाहून त्यांना तो मागे घ्यावा लागला. अमेरिकेत १९९४ साली 'पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. ना औषध, ना यंत्र. फक्त बाळाची कूस बदलली. म्हणून सासूबाईंना सांगताना मी 'तुमचं चुकतंय' म्हणत नाही. 'तुमच्या आईनं तुम्हाला जसं पाळण्यात घातलं तसंच घाला, फक्त उशी काढा' म्हणते.

थंडीत लेकराला गुंडाळायची आपली सवय मात्र खरंच सोडायला हवी. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. घाम असेल तर कपडे जास्त झालेत. झोपताना कुंचीची आणि टोपड्याची बंदं गळ्याशी नकोत.

आता वाचनाचं. इथं गर्भसंस्काराच्या नावानं बराच बाजार मांडलाय, त्यामुळे जपून बोलते. पोटातलं बाळ अभिमन्यूसारखं चक्रव्यूह शिकत नाही. पण शेवटच्या तीन महिन्यांत त्याला ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त ऐकू येतो तो आईचा आवाज. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोन अमेरिकन संशोधकांनी काही गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. जन्मल्यावर अवघ्या काही दिवसांच्या त्या बाळांना ती गोष्ट आणि एक नवी गोष्ट ऐकवली, तर चोखण्याच्या लयीवरून दिसलं की त्यांना ओळखीचीच हवी होती. अर्थ कळत नव्हता, लय कळत होती. शाळेत आपण 'मुलाला शब्द सुचत नाहीत' म्हणून डोकं धरतो. शब्दांचा साठा पहिलीत सुरू होत नाही हो. तो तिथून सुरू होतो.

"मला वाचायला येत नाही" असं आई म्हणाली तर? मग जात्यावरच्या ओव्या, अंगाई, आजीची राक्षसाची गोष्ट, भाकरी थापता थापता केलेली बडबड. हेही वाचनाच्या आधीचं वाचनच. चित्राचं पुस्तक उघडून 'ही म्हस, ही तिची रेडी' म्हणायला अक्षर लागत नाही. वाचता येणाऱ्यांनी पुस्तक नसेल तर सकाळी आलेला 'पुढारी' मोठ्यानं वाचावा, बाळाची तक्रार नसते. आणि हे काम बापानंही करावं. बाळाला दूध पाजता येत नाही, पण चार ओळी वाचता येतात ना?

बघा, या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडतेय. दोन्हींची वेळ एकच, झोपायची. शेवटचं दूध, ढेकर, मांडीवर घेऊन पाच मिनिटं गोष्ट किंवा गाणं, मग मोकळ्या अंथरुणावर उताणं. वेगळे दोन तास घ्यायची गरज नाही.

मग डोहाळेजेवणच का? कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाईचं नाव इथल्या अंगणवाडीत, तपासणी इथल्या केंद्रात, माहिती इथं दिली, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती गेली गडहिंग्लजला नाहीतर निपाणीला. बाळ झोपणार तिच्या आईच्या घरी, आजीच्या हुकमाखाली! शिकवलं एकीला, परीक्षा दुसरीची. डोहाळेजेवण हा असा दिवस आहे की सासू, आई, नणंद, शेजारीण सगळ्या एका खोलीत असतात आणि निवांत असतात. पोषण अभियानात अंगणवाडीत गरोदर मातांचा हा कार्यक्रम होतोच. फोटो होतो, ओटी भरते, पाककृती सांगितली जाते. त्यातली वीस मिनिटं आपण मागून घ्यायची. एक बाहुली, एक सतरंजी, एक पुस्तक, बस. बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातात, त्यांना विनंती करायची की एका भेटीत अंथरुणावर नजर टाका.

एक गट मात्र यातून सुटतो. दसरा-दिवाळीनंतर आपल्या शिवारात ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यातल्या गरोदर बायका इथल्या कुठल्याच यादीत नसतात. बाळ कोपीत नाहीतर उसाच्या कडेला साडीच्या झोळीत असतं. तिथं जाऊन 'सपाट पाळणा घ्या' म्हणणं म्हणजे थट्टाच. तिथं एवढंच सांगायचं की झोळीत हनुवटी छातीला टेकू देऊ नका, तोंडावर पदर टाकू नका, कुणीतरी नजर ठेवा, आणि रात्री जमिनीवर सपाट, उताणं. साखरशाळेत जाणाऱ्या शिक्षकांना हे सहज जमेल.

"आम्हाला आधीच अशैक्षणिक कामं कमी आहेत का?" हे मला स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलंय. जनगणना, निवडणूक, सगळं मान्य. पण हे अशैक्षणिक कसं? याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला. शिक्षण घरापर्यंत जातं हे तेव्हाच ठरलं होतं. आपण फक्त पाळण्यापर्यंत जायचं आहे.

माझी एक छोटी मागणीही आहे. ओटीत नारळ, तांदूळ, हळकुंडाबरोबर जाड पानांचं एक चित्रपुस्तक घालू या. आम्ही तीनदा केलं. पुस्तकाचे पैसे शिक्षकांनीच वर्गणी काढून दिले, एका उशीच्या सेटपेक्षा स्वस्त पडलं.

मागच्या वेळी कार्यक्रम संपत आला तेव्हा एक आजी उठल्या. लेकीच्या बाळासाठी त्यांनी दोन महिन्यांपासून मोहरी निवडून उशी शिवून ठेवली होती. जरा रागातच विचारलं, "मग त्या मोहरीचं काय करू म्हणतासा बाई?"

मला काही सुचेना. पलीकडून त्यांच्या विहीणबाई म्हणाल्या, "फोडणीला घाला की, बारशाच्या आमटीला!"